खुब्यापासून घोट्यापर्यंत दोरा

मंगळवार, सकाळ. हजर : पलंगावर आई, खिडकीपाशी मी आणि काचेला चिकटवलेला आईच्या उजव्या पायाचा लांबलचक एक्स-रे.

काल डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं होतं, "खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेघ गुडघ्याच्या मधून जायला हवी. यांची आतल्या बाजूला सरकलीय. नवा सांधा तिरका बसलाय, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

माझा विश्वास बसेना. म्हणून आज शिवणाचा दोरा घेतला आणि एक्स-रेवर खुब्यापासून घोट्यापर्यंत ताणून धरला. तो गुडघ्याच्या आतल्या बाजूनेच गेला. पुन्हा धरला, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा धरला. तरी तिथेच.

"काय मोजतेस गं? ब्लाउज शिवतेस का त्या हाडांना?" आई म्हणाली.

मी शाळेत जायला निघताना ती माझी हनुवटी धरून भांग पाडायची. केसभर वाकडा गेला तर मोडून पुन्हा पाडायची. सरळ म्हणजे काय, हे मला तिच्या फणीनं शिकवलं. आणि तिच्याच पायात हा तिरकेपणा. रोजच्या कामांची कितीही नीट यादी केली तरी मला तो सरळ करता येत नाही. पहिल्या ऑपरेशननंतर ती म्हणाली होती, "आता मेले तरी पुन्हा टेबलावर झोपणार नाही."

"फोटो सरळ आलाय ना?" तिनं विचारलं.

मी दोरा रिळाला गुंडाळत राहिले. आजच्या यादीत 'औषधं आणणे', 'फाईल लावणे', 'डॉक्टरांची वेळ घेणे' यांपुढे झाल्याची खूण केली. 'आईला सांगणे' यापुढे अजून खूण नाही.