सुमनताई आणि पाच किलो ज्वारी

ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी इथे आखातात, मिरकाबमधल्या आमच्या बँकेच्या ऑफिसात होते. 'आपल्या चक्कीवाल्या ताई गेल्या. सुट्टीवर लातूरला होत्या, तिथेच...' पुढचं वाचवेना. सुमनताई हे त्यांचं खरं नाव त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. आणि 'चक्कीवाल्या ताई' हे टोपणनाव त्यांना माझ्यामुळे चिकटलं होतं. ते फक्त आम्हा दोघींनाच ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

ताई माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. यजमान माधवराव शुऐबा भागातल्या एका कारखान्यात, मुलगी कॅनडात. दर गुरुवारी संध्याकाळी मी बँकेतून परस्पर त्यांच्याकडे जायचे, भाकरी खायला आणि गप्पा मारायला. मी पुण्याची, एकटी राहणारी, जिभेला हाड नसलेली. त्यांना माझ्या टोमण्यांचं भारी कौतुक. त्यांचं दुखणं एकच. इथल्या दुकानातलं पीठ विरी गेलेलं असायचं, भाकरी थापता थापता चिरायची, आणि गावाकडून आणलेली ज्वारी मिक्सरला दाद देत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबांनी बस करून जहराकडे सहल काढली. तिथं एका बागेतलं जुनं शेतघर छान दुरुस्त करून बघायला खुलं केलंय, शेजारी जुनी पवनचक्कीही आहे. आदल्या दिवशी भाकरी थापताना ताईंनी विचारलं, "पवनचक्की म्हंजे, तिथं दळूनबी देत्यात का गं?" मी म्हटलं, "देतात की. न्या ना तुमची ज्वारी." गंमत म्हणून बोलले आणि विसरून गेले. सकाळी ताई बसमध्ये चढल्या त्या पाच किलोची पिशवी घेऊनच. तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हटलं, तिथं गेल्यावर बघू.

तिथं उतरल्या उतरल्या ताई माहिती सांगणाऱ्या माणसापुढे पिशवी उघडून उभ्या. "भैया, ये पीसना था." तो बिचारा गोंधळला. ही चक्की विहिरीचं पाणी उपसायची, दळायची नाही, असं त्यानं समजावलं. सगळी बस खो खो हसली. कुणीतरी विचारलं, "पण ताई, तुम्हाला सांगितलं कुणी?" मी शेजारीच उभी होते. "कुनी न्हाई. चक्की म्हणलं की मला दळणच दिसतंय," म्हणत त्या स्वतःही हसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. नंतर शेतघराच्या जाड मातीच्या भिंतींआड, गार खोलीत आम्ही दोघी टेकलो. माफी मागायला तोंड उघडलं तर चहा आला... आणि राहूनच गेलं ते. त्या दिवसापासून सगळे त्यांना चक्कीवाल्या ताई म्हणू लागले, आणि त्या निमूट ओ देत राहिल्या. भित्री होते मी, दुसरं काय.

माधवराव लातूरहून परतल्यावर मी त्यांना भेटायला गेले. ते स्वयंपाकघरात चहा टाकत होते. त्यांच्या पाठीकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"मला ठाव हाय. त्याच दिवशी सांगितलं हुतं तिनं. म्हणली, तुमी काई बोलू नका तिला. लाजंल पोरगी, अन् गुरुवारी यायची बंद हुईल."

ओट्यालगतची प्लास्टिकची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी पुढे ओढली. त्या दोन वर्षांत मी एकही गुरुवार चुकवला नव्हता. याच खुर्चीत बसून पोटभर जेवायचे आणि मनात म्हणायचे, बरं झालं, ताई विसरल्या.