फौजदारांची पाळत

आमच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयात पुस्तकांची पानं जुळवणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे पाठीमागे फौजदार म्हणत. कुलूप लावलं की दोनदा ओढून पाहायचं, किल्ली कुणाच्या हाती द्यायची नाही, चहात साखर घातलीय हे दुसऱ्यानं सांगून पटायचं नाही. आयुष्यभर पानं जुळवून माणूस असा होतो की असा असतो म्हणून पानं जुळवतो, देव जाणे.

त्यांची सून आमच्याकडेच कामाला लागली आणि तिनं ‘जुळणी’ नावाचा छोटा प्रोग्राम बनवला. पूर्वी पुस्तकाचा मजकूर एका प्रोग्राममध्ये, गणितं दुसऱ्यात, तक्ते तिसऱ्यात अशी तऱ्हा होती, आणि फौजदार एकेक उघडून पानं एकत्र करत. जुळणी ते एका बटणावर करी. प्रत्येक प्रकरणाची सर्वांत ताजी फाइल शोधून ज्या त्या प्रोग्रामकडे पाठवी आणि तयार पानं क्रमानं जोडी.

“आत काय चाललंय ते कोण बघतंय?” फौजदारांनी विचारलं.

“मी बघते ना, बाबा,” सून म्हणाली.

“तेच तर.”

मला हसू आलं. पण खोटं कशाला बोलू, मलाही ती पोरगी जरा जास्तच गोडबोली वाटायची.

मग भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, दुरुस्त केलेल्या चुका परत उगवू लागल्या. मी मुद्रितशोधक. लाल शाईनं मारलेली चूक पुन्हा समोर आली की माझं डोकं फिरतं. मालकांनी सुनेला बजावलं, “शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर जुळणी बंद, आणि तुमचं इथलं कामही.”

फौजदार पहिल्या दिवसापासून पाळत ठेवून होतेच, ती त्यांनी आणखी वाढवली. सगळे जेवायला गेले की ते संगणकावरच्या आपल्या दुरुस्तीआधीच्या जुन्या प्रती उघडून जुळणीच्या पानांशी ताडून बघत. त्या प्रती त्यांनी हाताशी असाव्यात म्हणून जुळणी जिथून फाइली घेई त्याच फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी नवी चूक दाखवायला मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ते जुनी प्रत वाचत होते आणि डावा हात आपोआप सेव्हची बटणं दाबत होता. ओळ वाचली, सेव्ह. पान सरकलं, सेव्ह. अचानक वीज जाण्याच्या धाकानं लागलेली सवय ती. अक्षरही बदललं नव्हतं, तरी जुनी फाइल सर्वांत ताजी होत होती आणि जुळणी इमानदारीनं तीच उचलत होती.

“अहो, तुमचा हात बघा,” मी म्हटलं.

त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग फाइलच्या वेळेकडे. त्यांचा चेहराच उतरला. उठले ते थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले, त्यांच्यामागे मीही. सून तिथे आधीच उभी होती.

“तिचा काही दोष नाही. मीच गोंधळ घालतोय,” ते म्हणाले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

मालक सुनेकडे वळले. “तुम्हाला हे कळलं नाही?”

“परवाच कळलं. कुठली फाइल उचलली ते जुळणी दाखवते.”

“मग बोलली का नाहीस?” फौजदारांनी विचारलं.

“माझं काम गेलं तर दुसरं मिळेल, बाबा. तुमचं गेलं असतं तर?”

मालक एवढंच म्हणाले, “त्या जुन्या प्रती आजच हलवा तिथून. आणि कामाला लागा दोघंही.”

संध्याकाळी फौजदारांनी कुलूप लावलं, दोनदा ओढलं आणि किल्ली सुनेपुढे धरली. “उद्या तू उघड.”

तिनं किल्ली घेतली, आणि जिना उतरण्याआधी कुलूप एकदा स्वतः ओढून पाहिलं.

“शाबास,” फौजदार म्हणाले.