नणंदेने हात वर केला

बाईंच्या नाकावर राग कायम बसलेला, असं बँकेत सगळे म्हणायचे. बसणारच! सगळी नोकरी तपासणी खात्यात काढल्यावर माणूस काय गोडगोड बोलणार?

आता त्यांनी नवी प्रणाली उभी केली होती. पैसे पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव बंदी घातलेल्या लोकांच्या यादीशी ताडायचं आणि संशय आला की व्यवहार जागच्या जागी रोखायचा, एवढंच तिचं काम. पण चाचणीतच शाखांनी तिचा धसका घेतला. चोरांबरोबर तिने सावही पकडले.

बाईंची धाकटी नणंद त्याच बँकेत काउंटरवर होती. तिच्यासमोर एका बापाचे, पोरीच्या फीसाठी पाठवलेले पैसे अडकले. पडद्यावर नुसतं ‘रोखले’. का, ते नाही. बापाने चारचौघांत तिचा उद्धार केला. संध्याकाळी ती तरातरा स्वयंपाकघरात आली.

“वहिनी, चूक तुझ्या यंत्राची आणि शिव्या मी खायच्या? तो कारण विचारतो. काय सांगू त्याला, कप्पाळ?”

तिचं म्हणणं बाईंना पटलं. म्हणून त्या आणखीच चिडल्या.

शाखांची संमती घ्यायला बैठक ठरली. नणंद काउंटरवाल्यांची प्रतिनिधी. बाईंच्या खात्याच्या साहेबांनी त्यांना आदल्या दिवशी बोलावलं. “तिला घरीच पटवा ना. ती हो म्हणाली की बाकीचे मान डोलावतील.”

“घरी मी स्वयंपाक करते साहेब, कारस्थानं नाही.”

बैठकीत साहेबांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत दाखवलं: शंभरात नव्व्याण्णव वेळा अचूक. बाई ताडकन उठल्या.

“हा आकडा खोटा आहे! प्रणाली विकणाऱ्या कंपनीने बसल्या बसल्या रचलेल्या नावांवरचा आहे. खऱ्या गिऱ्हाइकांवर ती चुकते, रोज चुकते. तरी ती हवी. आजवर आपण काय करत आलो? यादीतलं नाव जुळलं की न वाचताच ‘तो हा नव्हे’च्या बटणावर बोट ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. मीही केलंय, तुम्हीही. आता असं करू. रोखल्याचं कारण तुमच्या पडद्यावर दिसेल. तरी अडलं, तर माझ्या टेबलावर फोन करायचा. माणूस बोलेल, लगेच.”

साहेबांचा चेहरा पडला. नणंद मात्र बाईंकडे रोखून बघत होती.

“फोन कोण उचलणार?”

“मी.”

नणंदेने हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी केला.

साहेबांनी वर अहवाल धाडला, ‘सर्व शाखांचा पूर्ण विश्वास’. आणि प्रणाली सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाईंच्या हातात बदलीचा कागद ठेवला. प्रशिक्षण खातं. पडद्यावरचं कारण म्हणे पुढे कधीतरी, आणि फोनवर माणूस बसवणं परवडत नाही.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे त्यांचे हात वर करायला मी हवी होते, फोन उचलायला नको?”

“एवढं मनाला लावून घेऊ नका, बाई. विश्वास मिळाला ना, काम झालं.”

काम झालं! मेल्याला लाज कशी वाटली नाही!

प्रणाली सुरू झाली त्या संध्याकाळी नणंद भांडली नाही. खुर्चीत बसून राहिली.

“शिव्यांचं काही नाही गं, वहिनी. तुझ्या टेबलावरचा फोन नुसता वाजत होता, कोणी उचलेना, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात वर केला म्हणून त्यांनी केला होता.”

बाई रात्रभर तळमळल्या. सकाळी त्या प्रशिक्षण खात्याकडे वळल्याच नाहीत. सरळ आपल्या जुन्या टेबलाशी जाऊन बसल्या. साहेब दारातूनच ओरडले, “इथे काय करताय? हा हुकूम मोडणं झालं! नोकरी जाईल!”

फोन वाजला.

“घालवा,” बाई म्हणाल्या. “पण जरा हळू ओरडा, मला ऐकू येत नाही.” आणि त्यांनी फोन उचलला. “बोला, कोणाचं अडलंय?”