पाळीच्या पायथ्याशी लाल झेंडी

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं आणि सौंदडला जाऊन छापून आणलं. मथळा होता, ‘तलाव फोडणारे कोण?’ माझा मथळा आधी तयार असतो आणि पुरावा मागून येतो, अशी घरात टिंगल चालते. या वेळी पुरावा डोळ्यांसमोर होता. गावतलावाच्या पाळीला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला, अगदी चिकटून, खालच्या अंगाला, यंत्रानं खोल भोक पाडलं होतं. बाजूला लाल झेंडी. त्या भोकात बार भरून उडवायचा होता. पाळीमागच्या पाण्यावर गावाचं धान उभं राहतं. पाळ गेली की सगळं गेलं.

धान निघून बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या झाल्या तशी ही सर्वेक्षणाची माणसं आली. झेंड्या रोवल्या, तारा पसरल्या, जमिनीचे हादरे ऐकणारी छोटी यंत्रं मातीत टोचली. गावाला एका शब्दानं सांगितलं नाही. तहसीलमध्ये कागद दिला म्हणे. तहसीलमध्ये धान पिकतं का?

मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन आमराईतल्या त्यांच्या तंबूत घुसले. प्रमुख एक बाई होती, माझ्याहून थोडीच मोठी, उन्हानं नाक सोललेली.

“आम्ही खाण शोधत नाही,” ती म्हणाली. “कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या खूप आतून तापलेल्या खडकाचा प्रचंड लोट वर आला. त्यातून लाव्हा पसरला. पश्चिमेकडचा काळा दगड म्हणजे तोच. तुमच्याकडे वर तो नाही. पण खाली, कवचाच्या बुडाशी, त्यातला रस थिजून राहिलाय का, ते बघायचंय. बार उडाला की लहरी खाली जातात, थरांवर आपटून परत येतात. किती वेळात येतात, त्यावरून आतलं चित्र काढतो.”

मला ते आवडलं. आवडलं याचा जास्त राग आला.

“हेच गावात येऊन सांगायला काय झालं होतं? आणि एवढी वर्षं थिजलेल्या दगडासाठी आमची पाळ कशाला?”

“पाळ?” तिनं नकाशा उघडला. “आमची जागा पाळीपासून पुष्कळ लांब आहे.”

आम्ही तरातरा निघालो. हातातल्या जागा दाखवणाऱ्या यंत्राकडे बघत ती एका बांधीच्या मधोमध थांबली. “झेंडी इथं होती.” ती माझ्या मोठेबाबांची, म्हणजे थोरल्या काकांची, बांधी होती. मोठेबाबा गावाचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाला कधी सोडायचं, ते तेच ठरवतात. तलाव बांधणाऱ्यांचं आमचं घराणं, पाळीवर गुरं चढली तरी ते ओरडतात.

पाळीजवळ माणसं जमली होती. भोक पाडणारा मिस्त्री हात झटकून मोकळा झाला, “हमको जहाँ झंडी, वहाँ छेद.”

“झेंडी हलवली कोणी?” मी ओरडले.

“मीनं हलवली,” मोठेबाबा म्हणाले. “माह्या बांधीत लाल झेंडी कायले? झेंडी लागली का जमीन जाते. सरकारची झेंडी सरकारच्या जागेत नेऊन देली. तलाव कोण उचलून नेते वं पोरी?”

लोक हसले. मग एकेकाचं बाहेर पडलं. कोणी झेंडी भावाच्या बांधीत रोवली होती, कोणी शेजाऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर. मोठीआई, त्यांची बायको, सगळ्यांदेखत म्हणाली, “गावाले पाणी वाटते अन् पाळीखाली बार ठेवते. शाबास!”

मोठेबाबांनी भोकात वाकून पाहिलं. तोंडावरचं हसू गेलं.

मी बाईकडे वळले. “बघा. विचारलं असतं तर झेंडी हलली नसती. आणि पाळ दिसत असून तिथं यंत्र लावणाऱ्या तुमच्या माणसाला काय म्हणायचं?”

तिनं मिस्त्रीला भोक बुजवायला सांगितलं. भोकातून निघालेला चुरा त्यानं फावड्यानं आत ढकलायला घेतला.

“थांब!” मोठेबाबा किंचाळले. “भुसभुशीत माती टाकून राहिला? पाणी वाट काढनच!”

तलावातला चिकट गाळ घमेल्यांनी आणला. थोडा टाकायचा, लाकडानं कुटायचा, पुन्हा थोडा. घाई केली की मोठेबाबा शिव्या देत. बाईनंही घमेली उचलली. मी कुटत होते, आणि डोकं मात्र कुठच्या कुठे पळत होतं, थेट त्या थिजलेल्या रसापर्यंत.

बाईनं चावडीवर सगळं समजावल्याशिवाय बार उडू देणार नाही, असं मी बजावलं. तिनं समजावलं. मोठेबाबांनी आपल्या बांधीत भोक पाडायला होकार दिला, पण कुरकुरत. “खालून आवाज वापस आला का मले दाखवजो,” ते तिला म्हणाले.

बार उडाला तेव्हा आवाज फारसा नव्हता. तळपायांना एक ठोका बसला, बस. बाई पडद्यावरच्या थरथरत्या रेघा दाखवायला मोठेबाबांना शोधत होती. ते केव्हाच पाळीकडे धावले होते. मी मागोमाग. बुजवलेल्या जागी पालथं पडून त्यांनी गवतात तळहात दाबला, मग माझा हात ओढून तिथंच दाबला.

“ओल लागते का?”

“नाही.”

“आज नाई,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही पुन्हा तिथं ओणवे झालो होतो.