चौथं वळण

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मला मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायची संधी मिळाली होती. पुढचं वाचून कुणाची निराशा होऊ नये म्हणून आधीच सांगतो, मी त्या शर्यतीत उतरलो नाही. रोह्यात चहाच्या टपरीवर अजूनही कुणीतरी विचारतं, "काय रे, त्या रेसचं काय झालं?" मी म्हणतो, तिकडे पाऊस होता. पाऊस अजिबात नव्हता. चांगलं कोरडं ऊन होतं.

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये ऑपरेटर आहे आणि वरसेत राहतो. पुण्याजवळच्या एका छोट्या ट्रॅकवर नवख्यांची निवड होणार होती, तिथे मी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जाऊन आलो आणि कसा कोण जाणे, निवडला गेलो. आमच्यासारखे चोवीस जण निवडले होते. खरी शर्यत पाच आठवड्यांनी तामिळनाडूतल्या मोठ्या ट्रॅकवर. गाड्या आयोजकच देणार, पण रविवारी शर्यतीत धावणार सोळाच. शनिवारी प्रत्येकाची वेळ मोजायची आणि पहिले सोळा ठेवायचे. या गटात माणसाला एकदाच उतरता येतं. शनिवारी ट्रॅकवर वेळ दिली की तो नवखा राहत नाही, मग सोळांत येवो न येवो. पुढच्या गटात स्वतःची रेसची गाडी लागते, आणि ती माझ्याकडे या जन्मात येणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणजे काय ते एकदाच.

आणि तो ट्रॅक मी कधी पाहिला नव्हता. बाकीच्यांपैकी बरेच जण तिकडचेच, तिथे सराव करून आलेले. मला सुट्टी मिळून मिळून चार दिवसांची मिळाली. तेव्हा ट्रॅक घरबसल्या शिकायचा असं मी ठरवलं. त्या गोष्टीची मला तेव्हा फार घमेंड होती.

ट्रॅक शिकवला माझ्या भावोजींनी. थोरली बहीण पेणला दिली आहे आणि भावोजी तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात काम करतात. आषाढ लागला होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत त्यांनी माझ्या मोबाईलवरचा नकाशा बघून एका पाटावर शाडूचा ट्रॅक घातला. बोटभर रुंद पट्टी, चौदा वळणं, कडा ओल्या बोटाने गुळगुळीत केलेल्या.

"हा घे तुजा ट्रॅक," ते म्हणाले. "डोलं मिटून बोट फिरव. शंभर वेला फिरव. बोटाला कललं का अंगाला कलतं."

मी दर सुट्टीला रोह्याहून पेणला जायचो आणि न रंगवलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगेत मांडी घालून, डोळे मिटून, पाटावर बोट फिरवत बसायचो. कारागीर हसायचे. भावोजी शेजारच्या घरात बहिणीला आवाज द्यायचे, "जेवायला वाढ गो याला, नायतर माती खाईल." दुपारी घरी मी व्हिडिओ बघायचो, दुसऱ्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून घेतलेले. पण व्हिडिओत सगळी वळणं सारखीच दिसायची. तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी प्रत्येक वळणाला आमच्या रस्त्यावरचं नाव दिलं. पहिलं म्हणजे वडखळ नाका. तिसरं म्हणजे भिसे खिंडीतलं शेवटचं. चौथं म्हणजे गडबच्या पुढचं.

ही युक्ती सुचायलाही कारण होतं. कॉलेजची तीन वर्षं मी रोज रोहा ते पेण बाइकवर केली आहेत, आणि त्यानंतरही तो रस्ता सुटलेला नाही. आमच्या बाजूला चांगला बाइकवाला म्हणजे वेगात जाणारा नव्हे. चांगला बाइकवाला म्हणजे ज्याला खड्डे पाठ आहेत. हायवेचं काम इतकी वर्षं चाललंय की पावसाळ्यात डांबर कुठे उरलं आहे हेच लक्षात ठेवावं लागतं. पाणी भरलं की सगळा रस्ता सारखा दिसतो. मग चाकाच्या पुढे दहा हात नजर ठेवायची, ब्रेकवर दोन बोटं ठेवायची आणि गाडी सुईत दोरा ओवावा तशी काढायची. यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मागे बसणारे म्हणायचे, तुझ्या मागे पाठ दुखत नाही. गडबच्या पुढच्या वळणावर तर आतली कड कायम खचलेली. तिथे आधी हळू व्हायचं, खाली बघायचं आणि बाहेरून जायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, ते अंगात गेलं.

निघायच्या दिवशी बायको म्हणाली, "पडू नका म्हंजे झालं." मी तिला चौदाही वळणं नावांसकट म्हणून दाखवली. ती म्हणाली, "एवढ्यात तं लोकं डिप्लोमा करतात."

गुरुवारी संध्याकाळी आम्हा चोवीस जणांना ट्रॅकवरून चालत फिरवलं. मी खाली बसून डांबराला हात लावून पाहिला. असं डांबर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक खडा नाही, एक भेग नाही. आणि चौथ्या वळणाशी येऊन मी थांबलोच. पाटावर ते सपाट होतं. इथे रस्ता आधी वर चढत होता आणि वळण संपतं कुठे ते दिसतच नव्हतं. भावोजींची काही चूक नाही, नकाशात चढ थोडाच दिसतो. पण शंभर वेळा बोट फिरवून शिकलेली गोष्ट उभ्या उभ्या निकामी झाली, आणि मला त्या मातीचाच राग आला.

शुक्रवारच्या सरावात मी चोवीस जणांत बाविसावा होतो. का ते मला कळेना. वळणं पाठ होती, गियर पाठ होते, पडायची भीती म्हणाल तर इतरांहून कमीच होती. दुपारी आमचे प्रशिक्षक, एक सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ, चौथ्या वळणाच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. सराव संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हिंदीत विचारलं, "तू खाली काय शोधतोस?"

मी म्हटलं, काही नाही.

"तुझं हेल्मेट सारखं खाली असतं. प्रत्येक वळणावर. रस्त्यावर काही पडलंय का?"

तेव्हा मला कळलं. मी खड्डे शोधत होतो. त्या गुळगुळीत डांबरावर, ताशी सव्वाशेच्या वेगात, चाकाच्या पुढे दहा हात नजर लावून मी न पडलेले खड्डे शोधत होतो. त्यातून चौथ्या वळणाला मी गडबचं नाव दिलेलं. म्हणजे तिथे मी आधीच हळू होत होतो, खाली बघत होतो आणि बाहेरून जात होतो. पाच आठवडे मी ट्रॅक शिकलो नव्हतो. मी त्या ट्रॅकवर आमचा रस्ता पसरून ठेवला होता, खड्ड्यांसकट.

ते म्हणाले, लांब बघ, जिथे जायचंय तिथे बघ, गाडी आपोआप जाते. सांगायला सोपं. पंधरा वर्षं ज्या सवयीने मला जिवंत ठेवलं ती एका रात्रीत सोड म्हणायचं. शनिवारी सकाळी मी मान वर करायचा इतका आटापिटा केला की मान आखडली, आणि ऐन वळणात डोळे पुन्हा खाली. मिळाल्या त्या पाच फेऱ्या संपल्या. यादी लावली. मी सतरावा. सोळाव्या नंबरवर कोइमतूरची एक मुलगी होती, बँकेत कारकून. आमच्या दोघांत चुटकी वाजवायला लागतो तेवढ्या वेळाचंही अंतर नव्हतं. त्या यादीसमोर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. रडू आलं नाही. फक्त आपण किती मूर्ख आहोत हे स्वच्छ दिसत होतं.

सतरावा म्हणजे राखीव. रविवारी सकाळच्या सरावात यायचं, सूट घालून थांबायचं, आणि शर्यत सुटायच्या आत सोळांपैकी कुणी गळालं तर त्याच्या जागी उतरायचं. शर्यत सुटल्यावर मात्र काही नाही.

बायकोला फोन केला. मला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "मंग पडंल कोनतरी एक. तुमी तयार ऱ्हावा."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. दुपारभर मी चौथ्या वळणाच्या कुंपणाशी बसून मोठ्या गटांच्या शर्यती बघितल्या. काम दुसरं नव्हतंच. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. वळणाच्या पलीकडे, बरीच लांब, पाण्याची एक पांढरी टाकी होती. चढ सुरू व्हायच्याही आधी प्रत्येकाचं हेल्मेट त्या टाकीकडे वळायचं. गाडी मागाहून वळायची. वळणाकडे कुणी बघतच नव्हतं.

रविवारी सकाळी, राखीव म्हणून मिळालेल्या तीन फेऱ्यांत, मी टाकीकडे बघितलं. काय झालं ते नीट सांगता येणार नाही. हात सैल पडले, गाडी स्वतःहून कलली आणि चढ कधी आला ते कळलंही नाही. मला इतका आनंद झाला की हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडलो. त्याच वळणावर मी कोइमतूरच्या मुलीला मागे टाकलं. परत आलो तेव्हा प्रशिक्षकांनी घड्याळ दाखवलं. काल ही वेळ दिली असती तर मी नववा असतो. ते म्हणाले, "आता आला तुला ट्रॅक." मी हो म्हटलं आणि पाणी प्यायला गेलो. आनंद तिथपर्यंतच टिकला.

ती मुलगी माझ्या मागोमाग आली. तिचं हिंदी माझ्याइतकंच मोडकं. म्हणाली, "चौथ्या वळणावर मला काही दिसतच नाही. तू आज तिथे काय केलंस? कुठे बघतोस?"

सांगायला फार काही नव्हतं. पांढरी टाकी, एवढे दोन शब्द. पण मी सतरावा होतो आणि ती सोळावी. तिला सांगून तिचं भलं झालं की माझं काय होणार, असा काहीतरी हिशेब मनात झाला. तोही नीट नाही, कारण ती शर्यतीत पडली तरी माझा काहीच फायदा नव्हता. पण तेव्हा मला कुणाचंच बरं बघवत नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही. आपोआप झालं." ती "अच्छा" म्हणाली आणि हेल्मेट उचलून गेली.

पुढचा एक तास मी सूटची चेन गळ्यापर्यंत लावून, हातमोजे घालून उभा होतो. सोळा गाड्या रांगेत लागताना मी एकेक मोजत होतो. एखादी सुरू होऊ नये म्हणून देवाला सांगत होतो. आमच्या घरी देवाकडे असलं काही मागायची रीत नाही. सोळाच्या सोळा सुरू झाल्या. लाल दिवे विझले, गाड्या गेल्या, आणि प्रशिक्षक माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काढ आता सूट."

मी काढला नाही. तसाच उभा राहिलो. तिसऱ्या फेरीत पंधराच गाड्या आल्या. थोड्या वेळाने ती मुलगी कुंपणाच्या आतून चालत येताना दिसली. चौथ्या वळणावर बाहेर जाऊन खडीत पडली होती. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. ती येऊन माझ्याच बाकावर बसली. तिचीही ही एकदाचीच संधी होती. ती कुणावर चिडली नव्हती. नुसती समोर बघत म्हणाली, "मी वळणाकडे बघत राहिले."

मग मी तिला सांगितलं. टाकी कुठे आहे, मान कधी वळवायची, हात कसे सैल सोडायचे, सगळं, माझ्या मोडक्या हिंदीत. एकदा सांगून समाधान होईना म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती कोपरावर ओला रुमाल धरून लक्ष देऊन ऐकत होती आणि मधूनमधून प्रश्न विचारत होती, जणू उद्या तिला तिथे जायचंच आहे. तेव्हा सांगताना माझं काही जात नव्हतं. सकाळीही गेलं नसतं.