कधीच न संपणारा लेथ

लेथवाल्या काकांनी आपल्या वडिलांना शब्द दिला होता, "किंमत संपेपर्यंत हा लेथ विकणार नाही." आता काकांचे गुडघे कुरकुरत होते, भंगारवाला काटा घेऊन दारात बसला होता आणि काका घसारा, म्हणजे लेथची दरवर्षी घटणारी किंमत, काढणाऱ्या हिशेबनीस पुतणीच्या तोंडाकडे बघत होते.

"चाळीस हजारांचा लेथ, चाळीस वर्षं झाली. उरले साठ रुपये. यंदा पंधरा टक्के म्हणजे नऊ जातील."

"आणि शून्य कधी गं?"

"कधीच नाही, काका! घसारा उरलेल्या किमतीवर काढतात. म्हणजे दरवर्षी थोडं जाणार आणि थोडं उरणारच."

काकांना पटेना. त्यांनी खडूने लेथवरच आकडे मांडले. एक्कावन्न, त्रेचाळीस, सदतीस... आकडे बारीक होत गेले, पण एकही मरेना. काकांनी खडू खाली ठेवला.

"चौथी नापास माझा बाप! त्याला हे ठाऊक होतं?"

"आजोबांच्या वेळी घसारा कोण काढायचं?"

"तोच की!"

भंगारवाल्याने काटा उचलून वाट धरली. काकांनी हात जोडून बटण दाबलं आणि साठाचा लेथ चाळीस हजारांच्या तोऱ्यात फिरू लागला.