डावीकडे पाहा

माईकबाईंनी पहिल्यांदा एका कचराकुंडीची तारीफ केली, त्या दिवशी गाडीतल्या निम्म्या पाहुण्यांनी तिचे फोटो काढले.

"डावीकडे पाहा," बाई माईकमध्ये म्हणाल्या होत्या. "अगदी रस्त्याला लागून. किती साधी, किती सरळ, कसला म्हणून नखरा नाही. त्या काळाची हीच तर खूण."

पाहुणे खिडक्यांकडे झुकले. कुंडीच्या मागून एक सायकलवाला रस्त्यावर येत होता, तो कुणाच्याच फोटोत धड आला नाही. पण स्टिअरिंगवरच्या माणसाने गाडी जराशी उजवीकडे घेतली, सायकलवाला शीळ घालत निघून गेला आणि बाईंनी रुमालाला तळहात पुसले. रुमाल ओला झाला. पाऊस नव्हता, उकाडाही नव्हता.

त्या तळ्याभोवती चार-पाच सुट्टीची गावं आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी लोकांना पगारी रजा आणि छोट्या मोटारी एकाच सुमाराला मिळाल्या, आणि ही गावं हां हां म्हणता उभी राहिली. बांधणाऱ्यांच्या अंगात तेव्हा काय संचारलं होतं कोण जाणे. एका हॉटेलाच्या गॅलऱ्या कपाटाचे कप्पे ओढून ठेवावेत तशा तळ्यावर काढलेल्या. एक कॅफे एकाच खांबावर, छत्रीसारखा. पेट्रोल पंपाला काँक्रीटचे पंख. पुढे ते सगळं जुनाट ठरलं, मग ओंगळ ठरलं, आणि आता अचानक सुंदर ठरलं होतं. लांबून लांबून माणसं बघायला येत. त्यांना मिनीबसमध्ये घालून तळ्याला वळसा घालायचा, प्रत्येक इमारतीपाशी थांबायचं आणि चार शब्द सांगायचे, हा या नवराबायकोचा धंदा. तो चालवायचा, ती बोलायची. घरीही साधारण हीच वाटणी होती.

बाईंचा आवाज त्या गावांना ओळखीचा होता. तरुणपणी त्या गॅलऱ्यांच्या हॉटेलात टेलिफोनवर होत्या. कुणाचा फोन आला की भोंग्यावरून हाक त्यांचीच. नवरा हॉटेलच्या धुलाईची गाडी चालवायचा आणि रोज ती मुख्य दरवाजासमोर आडवी लावायचा. "धुलाईची गाडी कृपया हलवावी," असं त्या आवाजाने रोज एकदा म्हणावं, एवढ्याचसाठी. त्याने हे लग्नानंतर कबूल केलं. बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. मीही एकदाऐवजी दोनदा सांगायचे."

मग हॉटेल बंद पडलं. नोकरी दोघांचीही गेली. बाई चार दिवस रडल्या आणि उठून कामाला लागल्या. तो मात्र बसला. खिडकीजवळ एक खुर्ची होती, त्या खुर्चीत अख्खा हिवाळा बसला. जेवायला बोलावलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. माणूस घरात होता, पण हजर नव्हता. लेक तेव्हा शाळेत होती. ती बाबांच्या मांडीवर चित्रं आणून ठेवायची, आणि ती तिथून घसरून खाली पडायची.

मिनीबस आली आणि तो त्या खुर्चीतून उठला. बाईंनी पहिल्याच आठवड्यात खुर्ची भंगारवाल्याला दिली. बदल्यात त्याने काय दिलं ते बघितलंसुद्धा नाही.

गाडीवर ओरखडे दिसायला लागले, तेव्हा म्हणूनच बाई गप्प बसल्या.

पहिला ओरखडा नवऱ्याच्या मते कुणा नवशिक्याने पार्किंगमध्ये काढला होता. दुसरा म्हणे आधीपासूनच होता. तिसऱ्यानंतर बाई एक दिवस बादली-फडकं घेऊन गाडी पुसायला गेल्या. उजवी बाजू पुसली, लख्ख. डावी बाजू पुसता पुसता त्यांचा हात थांबला. सगळे ओरखडे तिकडचेच होते. कुणी शिसपेन्सिल घेऊन रोज एक रेघ मारावी, तसे.

तो डोळ्यांच्या दवाखान्यात एकटाच जाऊन आला होता. "काचबिंदू म्हणाले. थेंब दिलेत. घातले की झालं," एवढंच त्याने सांगितलं. थेंब संपले तेव्हा नवी बाटली आणायला बाई गेल्या. तिथली नर्स बाटली कागदात गुंडाळताना सहज म्हणाली, "डावी बाजू गेलीच आहे, दुसरी तरी सांभाळा. आणि गाडी चालवत नाहीत ना ते आता? डॉक्टरांनी बजावलंय."

"छे," बाई म्हणाल्या. "गाडी कसली."

घरी येईपर्यंत त्यांनी त्याला सांगायची वाक्यं पाठ केली. दार उघडलं तर तो शीळ घालत टेबलावर पाहुण्यांसाठीची माहितीपत्रकं दुमडत बसला होता. "आलीस? पुढचा आठवडा भरला बघ. एक प्राध्यापक येतायत, टोपीवाले, त्यांना तो छत्री-कॅफे आतून बघायचाय." त्याच्या पाठीमागे खिडकी होती. खिडकीजवळची जागा रिकामी होती. बाईंनी पाठ केलेली वाक्यं गिळली आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात बदल झाला. डावीकडून काहीही येताना दिसलं, की बाई त्या बाजूला नजरेस पडेल त्या वस्तूचं गुणगान सुरू करायच्या. बसथांबा, पाण्याची टाकी, कुणाच्या गॅरेजचा दरवाजा, एकदा तर सार्वजनिक संडास. "डावीकडे पाहा." तो आपसूक मान वळवायचा, येणारा माणूस त्याला दिसायचा, गाडी सावरायची. पाहुण्यांना वाटायचं, वा, या बाईंची नजर कुठे कुठे जाते. टोपीवाले प्राध्यापक तर जाताना हात जोडून म्हणाले, "मॅडम, त्या संडासाकडे मी आयुष्यात कधी असं बघितलं नसतं."

"मीही," बाई म्हणाल्या.

या युक्तीत एक खोट होती, आणि ती बाईंना फार उशिरा कळली. युक्ती चालत होती. इतकी छान चालत होती की नवा ओरखडा आलाच नाही. त्यामुळे एका सकाळी दात घासताना तो आनंदाने म्हणाला, "थेंब लागू पडले बरं का. आता सगळं बघतोय मी." त्याला खरंच तसं वाटत होतं. रस्ता त्याला दिसत नव्हता, बायको त्याला रस्ता दाखवत होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि आता सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या. तुम्हाला दिसत नाही, ही एक. आणि मी तुम्हाला फसवलं, ही दुसरी.

तेव्हापासून बाईंना झोपेतही तळं दिसायला लागलं. रस्त्याच्या डाव्या अंगाला ते सोबतच असायचं, इमारतींमागे, कठड्यापलीकडे, गुळगुळीत आणि बिनआवाजी. पाहुणे म्हणायचे, किती शांत पाणी आहे. बाईंना त्या शांतपणाचीच धास्ती वाटायची.

आणि मग बाईंचा घसा बसला.

आदल्या दिवशी खवखवत होता. सकाळी उठून "अहो" म्हणायला गेल्या, तर नुसती हवा. त्यांनी खुणेनेच सांगितलं, आज नको, पाहुण्यांना नाही म्हणून कळवा.

"नाही कसं म्हणायचं? माणसं येऊन उभी आहेत," तो म्हणाला. "अगं, लेक आलीय ना सुट्टीला. ती बोलेल. लहानपणापासून ऐकतेय, पाठ आहे तिला."

लेक शहरात दातांच्या दवाखान्यात काम करायची. ती खूश झाली. "आई, तू आराम कर. एक दिवस तरी तुझ्या तोंडाला सुट्टी. बाबांनाही बरं वाटेल."

"मला काय बरं वाटायचंय, तू पण तिचीच ना," तो म्हणाला, आणि दोघं हसली.

बाईंनी कागद शोधला, त्यावर लिहिलं, 'मी पुढेच बसणार.' कागदावर आणखी बरंच लिहिता आलं असतं. पण लेक बाजूला उभी होती, तो किल्ली बोटावर फिरवत होता, आणि पेन त्या एका ओळीच्या पुढे सरकेना.

लेक मागे तोंड करून उभी राहिली, माईक हातात. बाई नेहमीच्या जागी, नवऱ्याच्या डाव्या हाताला. म्हणजे त्याला न दिसणाऱ्या बाजूला. गाडी निघाली. लेकीला खरंच सगळं पाठ होतं, आईचे विनोदसुद्धा. पण ती इमारतींकडे बघून बोलत होती, रस्त्याकडे तिची पाठ होती.

पहिल्या वळणावर डावीकडून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन रस्त्यावर उतरत होता. बाईंनी नवऱ्याचा दंड दाबला. त्याने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, त्या निमित्ताने त्याला म्हातारा दिसला आणि त्याने वेग कमी केला.

थोड्या वेळाने एक टेंपो. पुन्हा दंड.

"काय गं आज," तो हळूच म्हणाला, "लेक मागे उभी आहे, जरा जनाची लाज."

बाईंना हसू आलं नाही. त्यांची नजर डाव्या काचेवरून हलली नाही. पेट्रोल पंपाशी गाडी थांबली, पाहुणे उतरले, काँक्रीटच्या पंखांखाली उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतले. बाईंनी लेकीची बाही धरली, ओठ हलवले.

"पाणी हवंय का?" लेक म्हणाली. "बोलू नकोस ना, आई. घसा आणखी बसेल."

पंपानंतर रस्ता अरुंद होतो. डावीकडे तळ्यात पोहायला येणाऱ्यांचं जुनं स्नानगृह आहे, लाटेसारख्या छपराचं, आणि त्याच्या पायऱ्या जवळजवळ रस्त्यातच उतरतात. उजवीकडे काचेचं घर. "आता उजवीकडे पाहा," लेक म्हणाली, "या घरात एकही सरळ भिंत नाही. मालकाला कपाट लावायला जागाच सापडली नाही म्हणतात." गाडी हसली. सगळ्यांच्या माना उजवीकडे गेल्या. त्याचीही गेली.

स्नानगृहाच्या पायऱ्यांवरून एक तरुणी बाबागाडी उतरवत होती. पाठमोरी, चाकं सांभाळत, एकेक पायरी. शेवटची पायरी उतरून तिने बाबागाडी वळवली आणि रस्ता ओलांडायला लागली.

बाईंनी दंड दाबला. त्याने हात झटकला, "अगं थांब ना." त्यांनी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या गळ्याने अख्ख्या हॉटेलाला हाका मारल्या, त्यातून कागद फाटल्यासारखा आवाज आला आणि इंजिनात विरून गेला. मग त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढला.

गाडी मागून हिसडली, किंचाळली, तिरकी झाली आणि बंद पडली. लेक सीटवर आदळली. कुणाची तरी बाटली गडगडत पुढे आली. बाबागाडीवाली बंपरपासून हातभर अंतरावर पांढरीफटक उभी होती. मग ती बाबागाडी ढकलत जवळजवळ पळतच पलीकडे गेली.

"ही कुठून उपटली?" तो म्हणाला. मग वळून, "आणि तू? चालत्या गाडीत हँडब्रेक ओढतात? उलटली असती म्हणजे? मी बघत होतो ना!"

बाईंनी मान हलवली. नाही.

"नाही काय नाही? बघत होतो!" त्याने घाम पुसला, समोर तोंड केलं आणि गाडी चालू करायला हात नेला. किल्ली जागेवर नव्हती.

किल्ली बाईंच्या हातात होती. त्यांनी कधी काढली ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्याने खिसे चाचपले, डॅशबोर्डवर बघितलं, पायाखालची रबरी चटई उचलली. "हिसक्यात पडली वाटतं," तो पुटपुटला. बाईंनी हात उचलला आणि किल्ली त्याच्या डाव्या कानशिलाजवळ, डोळ्याच्या ओळीत धरली. अगदी श्वास लागेल इतकी जवळ. तो शोधत राहिला. सीटच्या फटीत बोटं घातली.

मागे कुणी हलत नव्हतं. लोंबणारी किल्ली सगळ्यांना दिसत होती. एक पाहुणा सांगायला पुढे झुकला, त्याच्या बायकोने त्याला मागे ओढलं. लेकीच्या हातातला माईक हळूहळू खाली आला.

"बाबा," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं. आरशात पाहुणे होते. सगळे एकाच ठिकाणी बघत होते, आणि ते ठिकाण त्याच्या चेहऱ्याच्या शेजारी होतं. तो थोडा वेळ आरशातच बघत राहिला. मग सावकाश मान डावीकडे वळवली.

किल्ली त्याने घेतली नाही. दार उघडून खाली उतरला, बॉनेटवर हात टेकत गाडीला वळसा घातला आणि बायकोच्या दाराशी आला. "सरक," म्हणाला. मग मागे वळून लेकीला, "तू ये पुढे. लायसन आहे ना तुझ्याकडे?"

"एवढी मोठी गाडी मी कधी चालवली नाहीये, बाबा."

"पहिल्या दिवसाआधी मीही चालवली नव्हती. ये."

लेक स्टिअरिंगवर बसली. बाई दोघांच्या मध्ये अंग चोरून. गाडी दोनदा गचके खाऊन निघाली. पाहुण्यांनी आपापल्या सीटच्या दांड्या धरल्या होत्या. इमारतींकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बाईंचंही रस्त्याकडे नव्हतं. त्या नवऱ्याचा चेहरा बघत होत्या. त्या हिवाळ्यातला चेहरा त्यांना पक्का ठाऊक होता, आणि हा तोच आहे की दुसरा, हे काही केल्या ठरत नव्हतं.

"दुसरा गिअर आधी खाली ओढायचा, मग टाकायचा," तो काचेतून बाहेर बघत लेकीला म्हणाला. मग तशीच मान ठेवून त्याने बायकोला विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

बाईंनी ओठ उघडले. हवा आली.

"बरं," तो म्हणाला. "घसा बरा झाला की सांग."

लेकीने गिअर खाली ओढला, मग टाकला. बाई दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या. घसा लवकर बरा होऊ नये असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.